नाव दुकानाचं, सातबारा कुणाचा?

नवा धंदा काढायचा म्हटलं की भांडवलाआधी नावावर चर्चा झडते. आजीचं नाव द्यावं की कुलदैवताचं, गावाचं द्यावं की काहीतरी भारदस्त इंग्रजी, यावर घरातली दोन-तीन रात्रींची जेवणं होतात. शेवटी एक नाव सगळ्यांना पटतं. कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइल काढतो आणि म्हणतो, ‘थांबा, डॉट कॉम मिळतंय का बघतो.’ गूगलवर जी पहिली जाहिरात दिसेल तिच्यावर बोट, चौकटीत नाव, आणि खाली हिरव्या अक्षरांत उत्तर : उपलब्ध आहे. ‘उद्या घ्या, आज अमावस्या आहे,’ आई म्हणते. उद्याचा परवा होतो, आणि परवा तेच नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं असतं.

मग घरात एकच सूर लागतो : आपण शोधलं ते कुणीतरी पाहिलं. संगणकातली माणसं असल्या तक्रारीवर हसतात. पण हा संशय निव्वळ खुळेपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. एकदा तो अक्षरशः खरा ठरलेला आहे, आणि तोही कुठल्या गल्लीबोळातल्या विक्रेत्याच्या बाबतीत नव्हे.

नेटवर्क सोल्यूशन्स ही अमेरिकेतली कंपनी म्हणजे या धंद्यातलं सगळ्यात जुनं घराणं. १९९९ पर्यंत जगात कुणालाही डॉट कॉम हवं असेल तर तिच्याच दारात जावं लागे. १९९५ पर्यंत नावं फुकट मिळायची. मग तिनं दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. जानेवारी २००८ मध्ये तिच्याबद्दल एक विलक्षण गोष्ट उघडकीला आली. तिच्या संकेतस्थळावर कुणी एखादं नाव नुसतं उपलब्ध आहे का म्हणून पाहिलं, तरी ती कंपनी ते नाव लगेच स्वतःकडे नोंदवून घेत होती. पुढचे चार दिवस ते नाव जगात दुसऱ्या कुठल्याही विक्रेत्याकडे मिळत नसे. घ्यायचं तर हिच्याकडूनच, वर्षाला ३५ डॉलरच्या घरातल्या दरानं, जेव्हा बाजारात तेच १० डॉलरच्या आसपास मिळत होतं. कंपनीचा खुलासा तर नमुनेदार होता : ग्राहकानं शोधलेलं नाव चोरांनी पळवू नये, म्हणून आम्ही ते सांभाळून ठेवतो. पाकीटमारापासून वाचवायला म्हणून कंडक्टरनंच प्रवाशाचं पाकीट काढून घ्यावं, त्यातला प्रकार. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला.

यात फुकटात नाव अडवून ठेवणं कसं परवडत होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. नाव नोंदवल्यावर पाच दिवसांत रद्द केलं तर विक्रेत्याला सगळे पैसे परत मिळत. ही सवलत ठेवली होती टंकलेखनाच्या चुकांसाठी. पण त्या पाच दिवसांचा एक मोठा धंदाच उभा राहिला. लाखो नावं घ्यायची, त्यांवर जाहिराती टांगायच्या, ज्यावर पैसे मिळतील ती ठेवायची, उरलेली परत करायची. या व्यवहाराला नावही साजेसं पडलं होतं, डोमेन टेस्टिंग. मंडईत द्राक्षं चाखत फिरणाऱ्या आणि काहीच न घेणाऱ्या गिऱ्हाइकांसारखं. जगातल्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनं २००८ मध्ये अशा जादा रद्द केलेल्या प्रत्येक नावावर २० सेंट शुल्क लावलं आणि २००९ मध्ये दंड आणखी चढवला. जून २००८ ते एप्रिल २००९ एवढ्या काळात या परतीचं प्रमाण ९९.७ टक्क्यांनी घसरलं. वीस सेंटांपासून सुरुवात! इतक्या किरकोळ रकमेनं जो धंदा बसायला लागतो, तो किती पोकळ पायावर उभा असेल.

आता न्यायानं दुसरी बाजूही सांगायला हवी. आयकॅननं २००९ मध्ये मुद्दाम चाचणी करवून घेतली, शोधलेली नावं खरोखर कुणी पळवतं का याची. तेव्हा तसा पुरावा सापडला नाही. म्हणजे अमावस्येनंतर गेलेलं ते नाव बहुधा योगायोगानंच गेलं असणार. ‘पुणे’ आणि ‘मसाला’ असे दोन शब्द जोडण्याची कल्पना एकाच घरात सुचते असं थोडंच आहे? पण नुकसान योगायोगानं झालं काय किंवा लबाडीनं, गेलेलं नाव परत येत नाही. त्यामुळे खबरदारी दोन्हीवर एकच : नाव शोधायचं ते जिथून घ्यायचं ठरलंय तिथेच, किंवा आयकॅनच्या स्वतःच्या नोंद-शोधाच्या पानावर. डॉट इन असेल तर भारतीय नोंदणीच्या अधिकृत पानावर. आणि मिळतंय दिसलं की त्याच बैठकीत पैसे भरून मोकळं व्हायचं. कार्टमध्ये टाकून ठेवलेलं नाव राखलं जात नाही. अमावस्या पाळायचीच असेल तर शोधण्यासाठीही पाळावी.

ब्राउझरमध्ये नाव टाकून ‘काहीच उघडत नाही, म्हणजे मोकळं आहे’ असा निष्कर्ष काढणारेही पुष्कळ आहेत. बंद घराला मालक नसतो असं समजण्यासारखंच ते. नाव नोंदवून वर्षानुवर्षं त्यावर काहीही न ठेवणारे मालक हजारोंनी आहेत.

शिवाय उपलब्ध आहे म्हणजे वापरायला मोकळीक आहे, असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयानं हे १९९९ मध्येच सांगून ठेवलंय. रेडिफ या कंपनीच्या इंग्रजी नावातल्या ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून सायबरबूथ नावाच्या संस्थेनं डोमेन घेतलं होतं. ते मोकळं होतं म्हणूनच तर मिळालं. न्यायालयानं तरीही मनाई केली. डोमेन हा नुसता पत्ता नसून धंद्याची ओळख आहे आणि तिला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळायला हवं, असा तो विचार होता. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. विक्रेत्याचा संगणक मात्र यातलं काहीच पाहत नाही. तो फक्त एवढंच बघतो की हे अक्षरांचं जुळणं आधी कुणी नोंदवलंय का. हिरव्या अक्षरांतल्या ‘उपलब्ध’चा अर्थ तेवढाच.

विक्रेता निवडताना बहुतेकांची नजर जाते ती किमतीवर, आणि किंमतच इथे सगळ्यात जास्त फसवते. ‘डॉट कॉम फक्त ९९ रुपयांत’ अशा धर्तीच्या जाहिराती सगळ्यांनी पाहिल्यात. डॉट कॉमची मूळ वही व्हेरिसाइन या कंपनीकडे असते आणि ती प्रत्येक विक्रेत्याकडून, मग तो लहान असो की मोठा, सारखीच घाऊक किंमत घेते. १ सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला १०.२६ डॉलर झाली. म्हणजे सरळ साडेआठशे रुपयांच्या वर. त्यावर आयकॅनची चिल्लर आणि आपल्याकडचा जीएसटी. तेव्हा ९९ रुपयांत नाव देणारा माणूस प्रत्येक गिऱ्हाइकामागे साडेसातशे रुपयांहून जास्त खोट खातोय. का खातोय? दुसऱ्या वर्षी काढून घेणार म्हणून. नूतनीकरणाचा खरा दर बारीक टाइपात असतो. सोबत ईमेल, सुरक्षा, वेबसाइट बांधून देणारं साधन अशा चार-पाच गोष्टींवर आधीच खुणा करून ठेवलेल्या असतात, त्या ग्राहकानं एकेक करून काढायच्या. यात बेकायदा काही नाही. पण नूतनीकरणाचा दर पहिल्या वर्षाच्या दराइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याबद्दल एवढ्यावरूनच मत बनवायला हरकत नसावी. घाऊक दरातच नाव विकायचं असं २०१८ मध्ये जाहीर करून क्लाउडफ्लेअर या कंपनीनं दाखवलंय की या व्यवहारात लपवण्यासारखं काही नसतंच.

पण किंमत ही तशी दुय्यम गोष्ट. चार-पाचशे रुपये जास्त गेले तर कुणाचा धंदा बुडत नाही. बुडतो तो वेगळ्याच कारणानं, आणि ते कारण महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला एकच शब्द पुरे आहे : सातबारा.

डोमेन विकत घेतलं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते भाडेपट्ट्यानं मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. जमिनीच्या व्यवहारात तलाठी जशी नोंद ठेवतो तशी इथे रजिस्ट्रार ठेवतो, आणि सगळ्या नोंदींची मूळ वही वर नोंदणी संस्थेकडे असते. फरक इतकाच की इथे तलाठी आपला आपण निवडता येतो. आता या राज्यात शेतजमीन घेणारा कुणीही माणूस सातबाऱ्यावर आपलं नाव चढलं का हे बघितल्याशिवाय झोपत नाही. तोच माणूस दुकानाची वेबसाइट करायची झाली की ओळखीतल्या ‘वेबसाइटवाल्या’ला फोन करतो, दहा-पंधरा हजार रुपये देतो आणि म्हणतो, ‘डोमेन-बिमेन काय ते तूच बघ.’

वेबसाइटवाला बघतो. नाव घेतो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरावर. बहुतेक वेळा यात लबाडी नसते, सोय असते; पन्नास गिऱ्हाइकांची नावं एकाच खात्यात ठेवणं त्याला सोपं जातं. पुढे तो नोकरी धरून बंगळुरूला जातो, धंदा बदलतो, किंवा पैशांवरून बिनसतं. तोवर ते नाव दुकानाच्या पाटीवर, पिशव्यांवर, बिलांवर, टेम्पोच्या मागच्या बाजूला रंगवून झालेलं असतं. आणि नोंदीत? नोंदीत दुकानदाराचा कुठेच पत्ता नसतो. रजिस्ट्रारला फोन केला तर तो विचारतो, ‘आपण कोण?’ त्याचंही चूक नाही. कुळ कुणीही असो, उताऱ्यावर ज्याचं नाव त्याच्याशीच तो बोलणार.

हा घोटाळा किती टोकाला जाऊ शकतो हे अमेरिकेतल्या एका गाजलेल्या खटल्यानं दाखवलं. गॅरी क्रेमन या उद्योजकानं १९९४ मध्ये सेक्स डॉट कॉम हे नाव नोंदवलं होतं. १९९५ मध्ये स्टीफन कोहेन नावाच्या सराईत ठगानं नेटवर्क सोल्यूशन्सला एक बनावट पत्र सादर केलं. क्रेमनच्या कंपनीनं त्याला काढून टाकलंय आणि नाव कोहेनला द्यायला तिची हरकत नाही, असा त्यातला मजकूर. ज्या कंपनीच्या नावानं ते पत्र होतं तिच्या नावातच ‘ऑनलाइन’ हा शब्द होता, आणि पत्रात मात्र लिहिलं होतं की आमच्याकडे इंटरनेटची थेट जोडणी नाही, म्हणून हा बदल आमच्या वतीनं तुम्हीच कळवावा! रजिस्ट्रारनं क्रेमनला एक फोनसुद्धा न करता फेरफार करून टाकला. ते नाव परत मिळवायला क्रेमनला २००० साल उजाडलं. न्यायालयानं कोहेनवर ६५ दशलक्ष डॉलरची भरपाई लादली, तोवर तो मेक्सिकोत पसार झाला होता. २००३ मध्ये अपिलात न्यायाधीशांनी सांगितलं की डोमेन ही मालमत्ताच आहे आणि ती बेफिकिरीनं दुसऱ्याच्या हवाली करणारा रजिस्ट्रारही जबाबदार ठरू शकतो. त्या पत्रातला विनोद निकालपत्रातही नोंदलेला आहे.

म्हणून विक्रेता पारखताना पहिला प्रश्न दराचा नको, नोंदीचा हवा. खातं कुणाच्या नावानं उघडणार? धारकाच्या रकान्यात काय लिहिणार? ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार? वेबसाइटवाल्याला काम करायला खात्याची मालकी लागत नाही. मर्यादित प्रवेश देण्याची सोय बहुतेक मोठ्या रजिस्ट्रारांकडे असते. आणि ईमेलही त्याच डोमेनवरचा देऊ नये, कारण डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो आणि ते सोडवण्यासाठी येणारा कोड नेमका त्याच पेटीत जाऊन पडतो. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावण्याचा हा प्रकार नामांकित संस्थांमध्येही दिसतो.

ईमेलबद्दल आणखी एक. नाव नोंदवल्यावर रजिस्ट्रार पत्ता पडताळणीचा निरोप पाठवतो. आयकॅनच्या नियमानुसार १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर नाव स्थगित करावं लागतं. दिवाळीच्या तोंडावर सुरू केलेली वेबसाइट भाऊबीजेला अचानक गायब झाली, तर कारण बऱ्याचदा स्पॅममध्ये पडलेला हा निरोप असतो. हॅकर वगैरे नंतर आठवावेत.

विक्रेता नामांकित असला की झालं, या भ्रमालाही आता फारसा आधार उरलेला नाही. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय ही अमेरिकी कंपनी मालकांच्या आपसातल्या भांडणांत कोसळली. ग्राहकांनी नूतनीकरणाचे पैसे भरले होते, पुढे ते पोहोचलेच नाहीत, आणि हजारो नावं हातची गेली. आयकॅननं तिची मान्यता काढली आणि साडेआठ लाखांच्या आसपास नावं गोडॅडी या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे वळवावी लागली. त्या धड्यानंतरच रजिस्ट्रारांना आपल्या नोंदींची प्रत त्रयस्थाकडे नियमित ठेवायला लावणारी व्यवस्था खऱ्या अर्थानं उभी राहिली. म्हणूनच आयकॅनची मान्यता असणं हा नुसता शिक्का नव्हे. विक्रेता बुडाला तरी वही बुडू नये याची ती तजवीज आहे. मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांची यादी आयकॅनच्या पानावर आणि डॉट इनसाठीची यादी त्या नोंदणीचा कारभार पाहणाऱ्या ‘निक्सी’च्या पानावर कुणालाही पाहता येते. पाच मिनिटांचं काम.

आणि कोणता विक्रेता उद्या कुणाच्या हातात असेल, हेही सांगता येत नाही. गूगल डोमेन्सकडून नाव घेणाऱ्यांनी गूगलकडे बघून घेतलं होतं. २०२३ मध्ये गूगलनं तो धंदा स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकला, सुमारे एक कोटी नावांसकट. २०२४च्या जुलैत तिथे हलवलेल्या खात्यांपैकी काही क्रिप्टो कंपन्यांची नावं चोरांनी ताब्यात घेतली. मुंबईचंच उदाहरण घ्यायचं तर भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये इथे डायरेक्टी सुरू केली. बिगरॉक आणि रिसेलरक्लब ही तिचीच अपत्यं. रिसेलरक्लबची कल्पना झकास होती : लहान गावातल्या वेबसाइटवाल्यालाही आपल्या नावाची पाटी लावून डोमेन विकता यावं. पुढे हे दोन्ही धंदे अमेरिकेच्या एन्ड्युरन्स या कंपनीकडे गेले आणि २०२१ मध्ये एन्ड्युरन्स आणि वेब डॉट कॉम या कंपन्या एकत्र येऊन न्यूफोल्ड डिजिटल झाली. वेब डॉट कॉमच्या पदरात तोवर कोण होतं? नेटवर्क सोल्यूशन्स. म्हणजे २००८ मध्ये शोधलेली नावं अडवणारं ते जुनं घराणं आणि अंधेरी-बोरिवलीतल्या पोरांनी ज्यावर पहिली डोमेनं घेतली ती दुकानं, सगळी एकाच छत्राखाली आली. दुकानांच्या पाट्या निराळ्या, गल्ला एक. यात कुणाची लबाडी शोधायचं कारण नाही. मात्र आज पारखून घेतलेला विक्रेता कायमचा पारखलेला राहत नाही, हे ग्राहकानं गृहीत धरायला हवं.

म्हणूनच रजिस्ट्रारची खरी परीक्षा तो सोडून जाताना होते. एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नाव हलवायला एक संकेत लागतो, ऑथ कोड. मागितल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा असा आयकॅनचा नियम आहे. नाव नवं असेल किंवा नुकतंच हलवलेलं असेल तर ६० दिवस थांबावं लागतं, ते ठीक. पण पैसे भरण्याआधीच त्या विक्रेत्याच्या मदतीच्या पानावर हा कोड कसा मिळतो ते शोधून बघावं. चार टिचक्यांत सापडलं तर उत्तम. ‘आमच्या प्रतिनिधीशी संपर्क साधा’ एवढंच सापडलं, तर आपल्याकडे केबलवाले जोडणी तोडताना जे नखरे करायचे ते आठवावेत.

मधल्या रिसेलरचा, म्हणजे रजिस्ट्रारच्या वतीनं नावं विकणाऱ्याचा, धोका तर न्यूयॉर्क टाइम्सलाही टळला नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी नावाच्या टोळीनं त्या वृत्तपत्राचं संकेतस्थळ काही तास वाचकांपासून तोडलं. हल्ला वृत्तपत्राच्या संगणकांवर झालाच नव्हता. मेलबर्न आयटी या रजिस्ट्रारच्या एका रिसेलरचा पासवर्ड चोरांनी पळवला होता. त्याच रजिस्ट्रारकडे ट्विटरचंही मुख्य नाव होतं, पण त्यावर मूळ नोंदणीच्या पातळीवरचं कुलूप लावलेलं होतं, म्हणून ते वाचलं. छोट्या दुकानदाराला एवढं महागडं कुलूप लागत नाही. त्याला नाव परस्पर हलवू न देणारं साधं ट्रान्सफर लॉक आणि लॉगिनसाठी दुहेरी पडताळणी पुरते. दोन्ही फुकट मिळतात. न देणारा रजिस्ट्रार त्याच क्षणी यादीतून खोडावा. आणि रिसेलरकडूनच घ्यायचं असेल तर वर खरा रजिस्ट्रार कोण, हे विचारावं. विचारल्यावर ते सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

नूतनीकरण विसरणं हा मात्र सर्वांचा समान अपराध. २४ डिसेंबर १९९९ रोजी मायक्रोसॉफ्ट हॉटमेलच्या लॉगिनसाठी लागणाऱ्या आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेल वापरणारे असंख्य लोक आपल्या पेटीबाहेर अडकले. मायकेल चेनी नावाच्या एका लिनक्सवाल्या प्रोग्रॅमरनं नाताळच्या दिवशी स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ते पैसे भरून टाकले. लिनक्सवाल्यानं मायक्रोसॉफ्टचं बिल भरावं, ही त्या वर्षातली सर्वांत गोड बातमी असावी. आता नियमानं रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत उलटल्यावर पाच दिवसांत अशा सूचना द्याव्या लागतात. डॉट कॉमसारखं नाव सुटलंच, तर रद्द झाल्यावरही ३० दिवस ते जबर दंड भरून परत मिळवता येतं. त्यानंतर ते सगळ्यांसाठी मोकळं.

या सूचनांच्या गर्दीत बनावट सूचनाही मिसळतात. डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका या नावानं घरी येणारी पत्रं हुबेहूब बिलासारखी दिसत. पैसे भरले की नाव नकळत महाग रजिस्ट्रारकडे हललेलं असे. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००३ मध्ये त्यावर कारवाई केली, तरी त्याच गोतावळ्यातल्या रजिस्ट्रारला आयकॅननं निलंबित करायला २०१४ उजाडलं. आपल्याकडे आज ईमेलवर सर्रास दिसतो तो दुसरा अवतार : चीनमधली एक कंपनी तुमच्या ब्रँडचं नाव तिथे नोंदवायला आली आहे, तुम्हाला हवं असेल तर तातडीनं कळवा. हे कळवणाराच विक्रेता असतो, आणि ती दुसरी कंपनी बहुधा नसतेच.

डॉट कॉमच्या या कोलाहलात घरचं नाव मागे पडलं, याचं वाईट वाटतं. डॉट इनचा पहिला कारभार मुंबईतच, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होता, १९८९ पासून. नियम इतके सोवळे की २००४ पर्यंत जेमतेम ७००० नावं नोंदली गेली. २००५ मध्ये निक्सीनं दारं उघडली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत ‘डॉट भारत’ आलं. मराठी, कोकणी, हिंदीसह आठ भाषांना एकदम आपल्या लिपीतलं नाव घेता येऊ लागलं. पडद्याआड ते नाव रोमन अक्षरांच्या एका लांबलचक संकेतात बदलतं आणि अनेक फॉर्म तसला ईमेल पत्ता आजही ओळखत नाहीत, म्हणून दुकानांच्या पाट्यांवर ते दिसत नाही. त्यात आपला ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ. ‘मिठाई’ आणि ‘मीठाई’ ही दोन वेगळी नावं ठरतात, आणि शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दुकानात पाठवतात. पण डॉट इनचा एक गुण डॉट कॉममध्ये नाही : नाव लपवणारी प्रॉक्सी सेवा तिथे चालत नाही. डॉट कॉमच्या सार्वजनिक नोंदीत २०१८ पासून धारकाचं नाव बहुधा झाकलेलंच असतं, त्यामुळे आपलं नाव चढलंय का हे खात्यात शिरूनच बघावं लागतं.

निक्सीकडून एका गोष्टीची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. डॉट इन विकणाऱ्या प्रत्येक रजिस्ट्रारनं नोंदणीनंतर धारकाला, वेबसाइटवाल्याला नव्हे, त्याच्या भाषेत एक पानाचा उतारा द्यावा : नाव कुणाचं, मुदत कधी संपते, पुढच्या वर्षी किती रुपये, सोडून जायचं तर कोड कुठे मिळेल. सातबारा ऑनलाइन देणाऱ्या राज्यात हे अशक्य वाटायचं कारण नाही.

बँकांच्या बाबतीत नियामकानं हस्तक्षेप केलाही. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ ही केवळ बँकांसाठी राखीव जागा जाहीर केली आणि एप्रिलच्या परिपत्रकात ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. नाव द्यायचा अधिकार एकाच रजिस्ट्रारला, हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेनंच उभ्या केलेल्या संस्थेला. देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात, त्यामुळे ही धावपळ इथेच जास्त झाली. नवे पत्ते आले. जुनी नावं मात्र अजून ठेवीदारांच्या फोनमध्ये आहेत, जुन्या पावत्यांवर आहेत, शाखेच्या काचेवर आहेत. ती सोडून दिली की काही महिन्यांत कुणालाही हजार रुपयांत मिळतील, आणि ज्याला मिळतील त्याला ठेवीदारांना फसवायला आयता पत्ता मिळेल. पुढची दहा वर्षं त्यांचं नूतनीकरण चालू ठेवायचं काम कुठल्या टेबलावर आहे, आणि त्या खात्याचा ओटीपी बँकेच्या मोबाइलवर येतो की तेव्हाच्या वेबसाइटवाल्याच्या, हे येत्या वार्षिक सभेत एखाद्या सभासदानं उभं राहून विचारायला हवं.